सीता-अशोक : अकरा वर्षांनी, पहिल्या बहरानंतर

अकरा वर्षं मी शेंड्याकडे बघत होतो आणि फूल आलं गुडघ्याच्या उंचीवर.

फेब्रुवारीत झाडाखालचा पाला ओढत होतो. भिंतीकडच्या बाजूला, सगळ्यात खालच्या फांदीच्या बुंध्याशी, जुन्या करड्या सालीतून मोहरीएवढ्या दाण्यांचा एक गच्च गोळा बाहेर आलेला दिसला. पहिला विचार आला की ही कसल्या तरी किडीची अंडी. नखाने खरवडायला हात पुढेही केला होता. चष्मा लावून पाहिलं तेव्हा कळलं की या कळ्या आहेत.

त्याला आता सहा महिने झाले. बहर संपला, शेंगा धरल्या, त्या तडकल्या, बिया पेरूनही झाल्या. झाडाचा एक पूर्ण फेरा पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता लिहितोय.

आधी ओळखीबद्दल, कारण पहिली फसवणूक तिथेच होते. अशोक मागितला की बहुतेक वेळा हातात पडतो तो आसूपालव, म्हणजे कुंपणाच्या कडेने खांबासारखा सरळ वाढणारा, लांब लहरी कडांच्या पानांचा खोटा अशोक. ते सीताफळाच्या कुळातलं झाड आहे, खरा अशोक चिंचेच्या कुळातला. दोघांचा काडीचाही संबंध नाही. माझं पहिलं रोप तेच निघालं. दोन वर्षं पाणी घातल्यावर लक्षात आलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, अशोकच आहे की! त्याच्या दृष्टीने खरंच असावं. औषधी सालीच्या व्यापारातसुद्धा हीच भेसळ चालते, मग रोपात झाली तर नवल कसलं.

पान पाहिलं की घोटाळा होत नाही. सीता-अशोकाचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, चार-पाच जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही, आणि कडा सपाट. खोट्या अशोकाचं पान साधं, एकेकटं आणि काठाला झालरीसारखं लहरी. आणखी एक तिसरा प्रकार बागांमध्ये दिसतो, मोठ्या पिवळ्या घोसांचा. त्याच्या शास्त्रीय नावात मलेशियातल्या तैपिंग गावाचं नाव आहे, यावरूनच तो कुठला ते कळतं. झाड देखणं आहे, फक्त आपलं नाही. आपला म्हणजे सराका असोका : सह्याद्रीतल्या सदाहरित रानांत ओढ्याच्या काठाने, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याला जोनेसिया असं नाव दिलं होतं, ते पुढे मागे पडलं. रानातला अशोक सालीपायी इतका तोडला गेला की आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

‘ओढ्याच्या काठाने’ आणि ‘सावलीत’ हे दोन शब्द मी तेव्हा वाचले होते आणि सोडून दिले होते. फुलझाड म्हटलं की ऊन हवं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दुसरं, खरं रोप वीतभर उंचीचं होतं. ते बागेतल्या सगळ्यात उघड्या जागी लावलं. पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या, मग पानं कागदासारखी चुरचुरीत झाली. गोणपाटाचा आडोसा केला. पावसाळ्यात पश्चिमेला हादगा लावला. हादगा भराभर वाढतो आणि त्याची सावली विरळ असते, त्यामुळे खालच्याचा जीव वाचतो पण उजेड तुटत नाही. या झाडासाठी मी केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. पाचव्या वर्षी हादगा आपणहून वाळला, तोवर अशोकाला स्वतःपुरती सावली पाडता येऊ लागली होती.

वाढीबद्दल काय सांगू. पहिल्या वर्षी चार बोटं. दुसऱ्या वर्षी मी मोजणंच सोडलं. तिसऱ्या वर्षाअखेर कमरेला लागला, सहाव्या वर्षी माझ्याएवढा झाला, आज तेरा-चौदा फूट असेल. त्याच दिवशी लावलेला शेवगा एव्हाना दोनदा मोडून पुन्हा उगवून आला. घाई असेल त्याने या झाडाच्या वाटेला जाऊ नये. खत वाढवून वेग वाढतो का, तेही करून पाहिलं. शेणखत दुप्पट केलं तर पानं काळपट हिरवी झाली आणि उंची होती तेवढीच राहिली. फरक पडला तो आच्छादनाने. त्याचाच पाला त्याच्याच आळ्यात वीतभर जाड पसरायचा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्यायचं, आणि पावसाळ्यात पाणी आळ्यात तुंबू द्यायचं नाही. ओढ्याकाठचं झाड ओलाव्याला सोकावलेलं असतं, पण साचलेल्या पाण्यात त्याची मुळं कुजतात. एका पावसाळ्यात आळं भरून राहिलं तर आठ दिवसांत खालची पानं पिवळी पडली. मग चर काढला.

पालवीचा किस्सा मात्र सांगितलाच पाहिजे. अशोकाची नवी पालवी ताठ येत नाही. तांबूस-गुलाबी पानांचा जुडगा फांदीच्या टोकाला ओल्या फडक्यासारखा लोंबतो. ती पानं आधी लांबीला पूर्ण होतात आणि मग हळूहळू कडक व हिरवी होत जातात. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झाड सुकलं असं समजून मी बादली ओतली. दुसऱ्या दिवशीही लोंबतंय, म्हणून आणखी एक बादली. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी पानं उचलली गेली तेव्हा पाण्याने वाचवलं म्हणून मीच खूश! पुढच्या पालवीला पुन्हा तेच केलं. घरी येणारा प्रत्येक जण आजही तो जुडगा बघून विचारतो, याला पाणी घालत नाही का? खरं सांगायचं तर फुलाची वाट पाहण्यात गेली म्हणतो ती वर्षं मी या पालवीवरच काढली. वर्षातून दोन-तीनदा ती येते, आणि तिरप्या उन्हात ते गुलाबी जुडगे बघताना फुलाची आठवणही होत नाही.

आता माझी मोठी चूक. मला झाडाखालून ताठ मानेने चालता यावं अशी हौस. त्यामुळे चौथ्या वर्षापासून दर पावसाळ्यानंतर मी खालच्या फांद्या करवतीने काढत गेलो. खोड स्वच्छ, वर छत्री, असं चित्र डोक्यात होतं. आंबा, लिंबू, जास्वंद सगळे फांदीच्या टोकाकडे फुलतात, त्यामुळे कळीही वरच येणार हे गृहीत. दर हिवाळ्यात मान वर करून शेंडे तपासायचे, आणि काही नाही म्हणून शेजाऱ्याला तक्रार सांगायची, हा माझा कार्यक्रम.

अशोकाची तऱ्हा वेगळी. तो फुलतो जुन्या लाकडावर. कोवळ्या टोकावर नाही, तर पानं कधीच गळून गेलेल्या, साल जाड झालेल्या फांद्यांवर आणि कधी खोडावरसुद्धा घोस फुटतात. फणस जसा खोडाला लागतो तसंच काहीसं. म्हणजे मी दरवर्षी जे कापत होतो ते झाडावरचं सगळ्यात जुनं, फुलायला सगळ्यात जवळ आलेलं लाकूड होतं. पहिली कळी जिथे आली ती एकच खालची फांदी वाचली होती, आणि तीही माझ्या कृपेने नाही. ती भिंतीच्या इतकी जवळ आहे की तिथे करवत चालत नाही. उशिराचं सगळं खापर छाटणीवर फोडणार नाही. बियांपासून वाढवलेला अशोक वेळ घेतोच, आणि माझ्या रोपाचे सुरुवातीचे उन्हाळेही वाया गेले. पण करवत अडगळीतच राहिली असती तर दोन-तीन बहर आधी बघितले असते, एवढं त्या फांदीकडे बघून म्हणतो.

संस्कृत कवींचा संकेत आहे की सुंदर स्त्रीच्या पायाचा प्रहार झाला की अशोक फुलतो. लाथ मारावी असं मला अनेकदा वाटलं होतं, पण अटीत बसत नव्हतो.

फूल कसं आहे? पाकळ्याच नाहीत, यावर आधी विश्वास बसला नाही. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती निदलाची, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणाची, चार दलं. खाली लांब नळी, वर चार दलांची चकती, आणि तिच्यातून बाहेर झेपावलेले सातेक पुंकेसर, टोकाला जांभळट परागकोश. एकेक फूल बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नाही, सगळा थाट घोसाचा. उमलताना रंग पिवळसर नारिंगी, मग दिवसागणिक गडद होत शेंदरी आणि शेवटी लाल. एकाच घोसात सगळ्या वयाची फुलं असतात, त्यामुळे निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखा तो दिसतो. फोटोत हे येत नाही. माझ्या फोनने सगळ्याचा एकच भडक केशरी गोळा केला.

वासाबद्दल अपेक्षा जरा आवरा. मोगऱ्यासारखा घमघमाट नाही. दिवसा नाक लावावं लागतं. अंधार पडल्यावर मात्र मंद, गोडसर वास झाडाभोवती चार पावलांपर्यंत पसरतो. पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री जेवण उरकून भिंतीशी उकिडवा बसत होतो. कळ्या दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला दोनेक आठवडे लागले, आणि सगळे मिळून नऊ घोस आले. त्यातले सात त्याच वाचलेल्या फांदीवर, दोन वरच्या एका जुन्या फांदीवर. बहर साधारण महिनाभर पुरला. मुंग्यांची रांग सतत, फुलपाखरं सकाळी, आणि एक शिंजीर पक्षी रोज ठरल्यासारखा. फुलं गळून खाली केशरी सडा पडायचा, तो झाडायचं नाही असं घरात ठरलं.

त्रासाचं म्हणाल तर फार नाही. एकदा पिठ्या ढेकूण कोवळ्या जुडग्यांवर आला होता, निंबोळी तेलाच्या दोन फवारण्यांत गेला. पालापाचोळा मात्र बारमाही. ज्याला अंगण लख्ख हवं त्याने आधी विचार करावा. कुंडीतही मी एक रोप सहा वर्षं ठेवलं होतं. जगलं, पालवीही छान यायची, पण उंची हातभर, आणि उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की पानगळ. जमिनीत जागा नसेल तर मी ते सुचवणार नाही.

नऊ घोसांतून शेंगा धरल्या दोनच. कोवळ्या असताना चपट्या, जांभळट, चामड्यासारख्या, अगदी आपट्याच्या शेंगेची मोठी बहीण. पाऊस सुरू होता होता त्या वाळून तडकल्या. एकीतल्या बिया खारीने नेल्या, दुसरीत पाच मिळाल्या. अशोकाचं बी डबीत ठेवून चालत नाही, थोड्याच दिवसांत त्याची उगवण्याची ताकद जाते. म्हणून त्याच संध्याकाळी माती, वाळू आणि कुजलेला पाला भरलेल्या पिशव्यांत पेरलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चार उगवली. त्यांची पहिली पानंही तशीच, मान टाकून लोंबणारी.

वरच्या दोन घोसांमुळे आता कुठलीच फांदी कापायची हिंमत होत नाही. एक नवी फांदी नेमकी पायवाटेवर आडवी येते आहे, दोनदा कपाळाला लागली. तिसऱ्यांदा लागल्यावर फावडं घेतलं आणि पायवाटेच्या चार फरशा उचलून हातभर पलीकडे सरकवल्या.