√७२ चं सरळ रूप: मोठा वर्ग हुडकायचा की मूळ अवयव पाडायचे?

नजर तयार असेल तर पहिली रीत झटपट. ७२ म्हणजे ३६ × २, उत्तर ६√२, संपलं. पण घाईत ९ × ८ दिसलं की मुलं ३√८ लिहून मोकळी होतात. त्या ८ मध्ये अजून एक ४ दडलाय, हे राहूनच जातं.

मूळ अवयवांची रीत लांबट, पण फसवत नाही. √५८८ घ्या. यात १४ चा वर्ग, म्हणजे १९६, लपलाय हे किती जणांना चटकन दिसेल? त्यापेक्षा भाग देत जा: २, २, ३, ७, ७. प्रत्येक जोडीतला एकेक बाहेर, एकटा पडलेला ३ आतच. १४√३.

वर्ग पाठ असल्याने मी सहसा पहिलीच वापरते. आकडा चार अंकी झाला की मात्र निमूटपणे भागाकार मांडते.