स्नायूखालचे स्तन-इम्प्लांट : वर्षभरानंतरचा अनुभव

कर्करोगामुळे डावा स्तन पूर्ण काढावा लागला, त्याच शस्त्रक्रियेत छातीच्या मोठ्या स्नायूखाली गुळगुळीत पृष्ठभागाचे सिलिकॉन जेलचे इम्प्लांट बसवून घेतले, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. आकार, व्रण, ब्लाउजची बेतणी यांबाबत माझी तक्रार नाही. सविस्तर लिहायचे आहे ते स्नायूविषयी, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या चर्चेत त्याच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले होते.

सुरुवातीचे काही महिने हा स्नायू सारखा लवत असे. दिवसा कामाच्या नादात जाणवत नसे, पण रात्री आडवे झाले की डोळा लवावा तसा छातीत झटका येई, कधी तर गाऊनवरून दिसेल इतका; आणि त्यात शकुन-अपशकुन पाहण्याचीही सोय नाही. पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू खालच्या कडेला सोडवून इम्प्लांटवर ताणून बसवलेला असतो, शिवाय शस्त्रक्रियेत लहानसहान मज्जातंतू दुखावतात, त्यामुळे स्नायू नव्या जागेला सरावेपर्यंत असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. स्नायू सैल करणारी गोळी आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले खांद्याचे व्यायाम यांनी झटके विरळ झाले. आता जड पिशवी उचलली तरच एखादा येतो.

जे गेलेले नाही आणि आपोआप जाणारही नाही, ते म्हणजे स्नायूबरोबर इम्प्लांटचे हलणे. कणीक तिंबताना तळव्यांवर भार दिला की डावी बाजू वर आणि काखेकडे सरकते, त्वचेवर आडवी घळ पडते, आणि हात सैल सोडले की सगळे पुन्हा जागेवर येते. ती वेदना नव्हे, ओढ आहे. परंतु दिवसातून अनेकदा येणारी. स्नायूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणारे इंजेक्शन, दिल्यास ती कमी होते, पण त्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. कायमचा उपाय म्हणजे इम्प्लांट स्नायूच्या वर आणणे, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. हल्ली अनेक शल्यविशारद पहिल्याच वेळी स्नायूच्या वरची जागा निवडतात, मात्र त्यासाठी स्तन काढल्यानंतर उरणारी त्वचा पुरेशी जाड आणि रक्तपुरवठा चांगला असावा लागतो. माझ्या बाबतीत तो पर्याय होता की नव्हता, हे मला कोणी आपणहून सांगितले नाही, याचा राग अजून आहे.

लांबच्या काळजीत पहिली म्हणजे इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसणे. शरीर प्रत्येक इम्प्लांटभोवती व्रणपेशींचे आवरण तयार करतेच; ते घट्ट झाले की स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखू लागतो. बेकर वर्गीकरणात याच्या चार पायऱ्या आहेत आणि रेडिएशन घेतलेल्यांत धोका बराच वाढतो. मला रेडिएशन लागले नाही, एवढे नशीब.

जेलचे इम्प्लांट फाटले तरी बाहेरून कळेलच असे नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 पासून, काहीही त्रास नसला तरी, शस्त्रक्रियेनंतर 5 ते 6 वर्षांनी आणि पुढे दर 2 ते 3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवली आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी मुख्यतः जोडला गेलेला एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोगही आहे. त्यावरूनच 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीची बायोसेल ही खरखरीत इम्प्लांटे जगभरातून परत मागवली गेली. बहुधा अनेक वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येणे किंवा पाणी साठणे हे या लिम्फोमाचे नेहमीचे लक्षण. पृष्ठभाग, माप आणि अनुक्रमांक लिहिलेले कार्ड म्हणूनच जपायचे असते, आणि माझ्या डिस्चार्जच्या कागदांत नेमके तेच नव्हते. हेलपाटे घालून मिळवावे लागले.

इम्प्लांट जन्मभराचे नसते, पुढेमागे बदलावे किंवा काढावे लागू शकते. आपल्याकडील आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या अपवादातून सुटते. पुढच्या बदलाचा खर्चही त्यात धरला जाईल का, हे मी विमा कंपनीला लेखी विचारले आहे; उत्तर अद्याप आलेले नाही.