आधी ऑपरेशन की आधी बाळ?

‘मूल झालं की पाळीचं दुखणं आपोआप जातं’ हे गिरगावच्या चाळीपासून ठाण्याच्या टॉवरपर्यंत प्रत्येकीने ऐकलेलं असतं. डीप एंडोमेट्रिओसिस असेल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, आतड्यासारख्या ठिकाणी खोलवर रुजला असेल, तर त्यावर विसंबू नका. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून कळा बऱ्याचदा कमी होतात, आजार जात नाही. ऑपरेशन झालं की बाळंतपण निर्धोक, हेही तितकंच कच्चं.

ऑपरेशन आधी केलं तर खरा फायदा दुखण्यात होतो. संबंधांच्या वेळी आणि शौचाला होणाऱ्या कळा कमी होतात, काहींना पुढे आपसूक दिवसही जातात. पण आतड्याचा तुकडा कापून जोडावा लागला तर जोड गळू शकतो, फिस्चुला (दोन अवयवांमध्ये नको ती वाट) होऊ शकतो, कधी लघवी नीट होत नाही. वरवर खरवडून भागत असेल तर धोका कमी, म्हणून सर्जनला ‘नेमकं काय कापणार?’ हे आधीच विचारा. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (याच आजाराची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सोलताना चांगली अंडीही जातात आणि एएमएच, म्हणजे किती अंडी शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रमाण, उतरतं. मूल हवं असेल तर अंडी आधी गोठवण्याचा विषय तुम्हीच काढा, तो निघेलच असं नाही.

बाळ आधी, म्हणजे बहुधा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). युरोपातल्या तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सरसकट ऑपरेशन करू नये. वेळ वाचतो, दुखणं मात्र तसंच राहतं. दिवस गेल्यावर वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असण्याची आणि अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची शक्यता जास्त असते. आतडी चिकटलेली असतील तर सीझर जिकिरीचं होतं. क्वचित, बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत, पोटात एकाएकी रक्तस्राव होतो.

एका बाबतीत मात्र निवड उरतच नाही. या आजाराने मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी) दाबली गेली तर मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होऊ शकतं. म्हणून सोनोग्राफीत मूत्रपिंडही बघायला सांगा. ते सुजलेलं असेल किंवा आतडं अरुंद झालं असेल, तर ऑपरेशन आधी.

बाकीच्यांसाठी माझं मत सांगते. तिशीच्या आत आहात, एएमएच बरं आहे आणि पाळीत लोकलच्या दांड्याला धरून दादरपर्यंत उभंही राहवत नाही, तर ऑपरेशन करा. फक्त आतड्याचा आणि मूत्रमार्गाचा सर्जन त्याच टीममध्ये हवा. छत्तिशी ओलांडलीय, एएमएच कमी आहे, गोळीने भागतंय, तर आयव्हीएफ.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी, कोकणात करायचं ठरलं असेल तर जरा थांबा. वार खाली असेल तर मुंबईतच, रक्तपेढी आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या रुग्णालयाजवळ राहा. आईला म्हणावं, या वेळी तूच इकडे ये.