पाऊण झालेलं पॅनेल विकायचंय, आधी त्याची कुंडली वाचा

घरी बिअर करायचं हे इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल मी दीड वर्षापूर्वी अर्धवट घेतलं आणि आता पाऊण करून विकायला काढलंय. आधीच्या मालकाने अर्धं केलं, मी पाव केलं, उरलेला पाव घेणाऱ्याच्या नशिबात. पत्रिकेतला मंगळ लपवून स्थळ खपवायचं नाही, म्हणून सगळं लिहिते. किंमत शेवटी.

आम्ही मिनियापोलिसच्या बाहेर राहतो. बिअरचा नाद नवऱ्याचा, वायरिंगचा माझा. प्रोपेनची शेगडी गॅरेजचं दार लावून पेटवायची सोय नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस जायचा. दार उघडं ठेवावं तर जानेवारीत बाहेर उणे वीस. राहिली वीज. इथल्या साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर जेमतेम दीड किलोवॉट मिळतात, त्यावर 45 लिटर पाणी 20 वरून 75 अंशांवर जायला दोन तास लागतात. कपडे वाळवायच्या ड्रायरचं सॉकेट 240 व्होल्ट, 30 अँपिअरचं. त्यावर साडेपाच किलोवॉटचं एलिमेंट लावलं की तेच काम अर्ध्या तासात होतं. पॅनेल हवं ते त्या एलिमेंटला लगाम घालायला. भिजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, तासभर 66 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की बिअरची चव बदलते. नवऱ्याला बदललेली लगेच कळते. मला नाही.

खोका चांगला आहे. 40 सेंटिमीटर चौरस, पोलादी, पावडर कोटिंग शाबूत. दारावर दोन पीआयडी (तापमान मोजून राखणारे कंट्रोलर), एक सिलेक्टर स्विच, तातडीने बंद करायचं लाल मशरूम बटण. एका वेळी एकच एलिमेंट चालतं, 30 अँपिअरमध्ये तेवढंच बसतं. साडेपाच किलोवॉटला 23 अँपिअर लागतात, म्हणून मुख्य वायर दहा गेजची आहे. हीटसिंक पाठीमागे खोक्याबाहेर काढलाय, याबद्दल आधीच्या मालकाला शंभर गुण. एसएसआर, म्हणजे एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू असताना पंचवीस-तीस वॅट नुसती उष्णता ओकतो, ती बंद डब्यात कोंडायची नसते. दुसऱ्या पीआयडीचं कट-आउट मात्र दोन मिलिमीटर तिरकं आहे. जिगसॉ घसरलेली दिसते. पीआयडीच्या पुढच्या चौकटीखाली झाकलं जातं, पण मला दिसतं.

आत उघडलं तेव्हा खरी गंमत. एकाही वायरला नंबर नाही. ड्रॉइंग दिलं होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या पॅनेलचं, आधीच्या मालकाने आपल्या मनाने निम्मं बदललेलं. तीन शनिवार मी मल्टिमीटर घेऊन बीप-बीप करत बसले.

त्यात माझा स्वतःचा घोटाळा. नाशिकच्या सातपूरला मी सहा वर्षं पॅनेल टेस्टिंगला होते. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग, हे डोक्यात नाही, बोटांत बसलंय. इथे काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. पहिल्याच संध्याकाळी मी काळ्या वायरी इमानेइतबारे न्यूट्रलच्या बारवर बसवत होते. दोन कसल्या, तिसरीचा स्क्रू फिरवताना हात थांबला. सप्लाय जोडलेला नव्हता. चहा करून प्यायले आणि दोन्ही परत काढल्या. दुसऱ्या दिवशी फेरूल, म्हणजे वायरीवर चढवायचे नंबर, मागवले. आता प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर आहे, सातपूरला असायचे तसे, आणि दाराच्या आतल्या बाजूला माझ्या हातचं ड्रॉइंग चिकटवलंय. या मालात माझ्या मते सगळ्यात किमती वस्तू तेच.

दोन गोष्टी मी मुद्दाम बदलल्या. इथे 240 व्होल्ट दोन जिवंत वायरींमध्ये मिळतात, प्रत्येकीत अर्थिंगच्या मानाने 120. एसएसआर त्यातली एकच तोडतो. म्हणजे दिवा विझलेला, एलिमेंट थंड, तरी टोकाला 120 व्होल्ट टपून बसलेले. शिवाय एसएसआर मरतो तो बहुतेकदा चिकटून मरतो, म्हणजे चालूच राहतो. आधी कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच, नव्हताच. मी दोन पोलचा बसवला, आता सिलेक्टर मधे आणला की दोन्ही वायरी सुटतात.

दुसरं ते लाल बटण. आधीच्या जोडणीत ते दाबलं की रेझिस्टरमधून थोडा करंट अर्थिंगला सोडला जायचा, आणि तेवढ्याने जीएफसीआय ब्रेकर (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा) पडायचा. घरी पॅनेल बांधणारे इकडे बरेच जण असं करतात. डोकं चांगलं लावलंय, पण जीएफसीआय नसलेल्या सॉकेटवर ते बटण नुसती शोभा. मी ते कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये घातलं. तरीही जीएफसीआय घ्याच. पाणी आणि वीज शेजारी नांदणार आहेत.

आता उरलेला पाव. पंपांचे दोन स्विच बसवलेत, वायरिंग नाही. बझर पिशवीत. पीटी-100 या तापमानाच्या सेन्सरची एक सॉकेट लागलीय, दुसरी राहिली. ऑटोट्यून, म्हणजे पीआयडीला आपल्या भांड्याची सवय लावणं, केलेलं नाही. पूर्ण लोडवर एकदाही चालवलेलं नाही. मेगर (इन्सुलेशनची तपासणी) केला, कंटिन्युइटी केली, 120 व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावून एसएसआर उघडझाप करून पाहिला, बस. यूएलचा, म्हणजे इथला सुरक्षा-तपासणीचा, शिक्का अर्थातच नाही, तेव्हा घराच्या विमेवाल्याशी आधी बोला. पॅनेलला चार पायांचा प्लग लागतो. जुन्या घरांत ड्रायरला तीन पायांचं सॉकेट असतं, त्यात वेगळं अर्थिंग नसतं. तसं असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, जुगाड करू नका.

विकतेय कारण नवरा थांबून थांबून कंटाळला आणि ख्रिसमसला तयार ऑल-इन-वन भांडं घेऊन आला. त्यातच पंप, त्यातच कंट्रोलर, भिंतीत खोचलं की सुरू. भांड्यावर माझा राग आहे, पण ते चालतं हे कबूल करावं लागेल.

मी साडेतीनशे डॉलरला घेतलं, वर सुमारे एकशे चाळीसचं सामान घातलं. मागतेय पावणेचारशे. तीन शनिवारांचे पैसे धरलेले नाहीत. सुटे भाग काढून देणार नाही, नुसते पीआयडी मागणाऱ्यांनी कृपया विचारू नये. कुरिअरने पाठवणार नाही, येऊन न्या. टेबलावर उघडून एकेक नंबर दाखवीन, तासभर हातात ठेवून या.

एकाने विचारलं, सोबत बिअर मिळेल का. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला 200 गॅलन करायला केंद्राची परवानगी आहे, विकायला नाही. नवरा घरी असला तर एक ग्लास पाजेल. गाडी चालवत येणार असाल तर अर्धाच.