सॅम्पल खरं, ट्यूब खोटी : प्रदर्शनातल्या 'कोरियन' सनस्क्रीनचा आमचा अनुभव

सरळ मुद्द्याला येते. सांगली, मिरज, कुपवाड भागात कुणी तुम्हाला प्रदर्शनात "कोरियाचं सनस्क्रीन आहे ताई, चेहऱ्यावर लावलंय ते कळत पण नाही" असं म्हणून छोटं पाऊच फुकट हातात ठेवलं आणि नंतर व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्यायला लागलं तर जरा दमानं घ्या. आमच्या ऑफिसातल्या बायकांचे मिळून ७,८५० रुपये गेलेत आणि एकीचं तोंड सुजलं ते वेगळंच.

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, मग मार्केट यार्डातली हळदीची दुकानं, म्हणजे दुपारचं ऊन काय चुकत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सनकोट, स्कार्फ, गॉगल सगळं घालून पण कपाळ आणि नाक भाजतंच, आणि प्रत्येक दुकानात स्कार्फ सोडावा लागतो कारण तोंड बांधलेल्या बाईच्या हातात पैसे कोण देणार. मेडिकलमधली सनस्क्रीन वापरून बघितली होती. एक इतकी पांढरी की गिऱ्हाईक विचारायचे "काय मॅडम, पावडर जास्त झाली काय", दुसरी घामाबरोबर डोळ्यात उतरायची आणि मशीनवर एन्ट्री मारताना डोळे चुरचुरायचे. म्हणून रोज लावता येईल असं हलकं काहीतरी मी शोधतच होते, आणि असल्या बायका भरपूर आहेत हे त्या विकणारीला बरोबर माहीत होतं.

विश्रामबागेत एका मंगल कार्यालयात प्रदर्शन आणि विक्री लागली होती. लोणची, कुर्ते, ज्वेलरी, मेतकूट, नेहमीचंच. एका टेबलावर ही ताई, बोलायला एकदम गोड, कशाचीच घाई नाही. माझ्या हातावर थेंबभर लावलं, पसरवलं, वरून स्प्रेने पाणी मारलं, टिश्यू दाबून दाखवला, पांढरं काहीच नाही. चिकट नाही, वास नाही. वर म्हणाली "आत्ता घेऊच नका, हे पाऊच वापरून बघा, पटलं तर मेसेज करा". आता असं म्हणणाऱ्या बाईवर संशय कोण घेणार सांगा.

पाऊच वापरलं. भर दुपारी मार्केट यार्डात फिरले, डोळे चुरचुरले नाहीत, चेहरा तेलकट झाला नाही, संध्याकाळी जळजळ पण नाही. माल उत्तमच होता, आणि सगळी गंमत इथंच आहे. पाऊच खऱ्या कंपनीचं होतं. असली सॅम्पलची पाऊचं स्वस्तात मिळतात, ती वाटायची, खात्री पटवायची आणि ट्यूब द्यायची भलतीच.

ट्यूबवर छापील किंमत १,४९९, ती देणार ६५०ला, आणि तीन एकदम घेतल्या तर १,८००. एवढं स्वस्त कसं म्हणून मी विचारलं होतं बरं का, तर "एअरपोर्टवरचा माल आहे, कस्टममधून सुटलेला, लॉट संपला की परत नाही". मी ऑफिसात पाऊच दाखवलं, सगळ्यांनी हातावर लावून बघितलं, मग चौघींनी तीन-तीनचा कॉम्बो सांगितला आणि आमच्या कॅशियर वहिनींनी एकच घेतली, त्या कुठल्याच गोष्टीत एकापेक्षा जास्त घेत नाहीत आणि त्यांचंच बरोबर असतं. पैसे आधी यूपीआयने. स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. "मिस्टरांचं दुकान आहे" म्हणाली. बिल मागितलं तर "एक्झिबिशनला बिल नसतं ताई". माल तिने स्वतः स्कूटीवरून आणून दिला, हसत हसत, सोबत प्रत्येकीला एक हेअर क्लिप फ्री.

ट्यूब उघडली तर आधी नुसतं पाणी आलं. दह्यावर निवळी येते तसं. मला वाटलं हलवायची राहिली असेल, हलवली, मग पांढरी क्रीम आली, गुलाबाचा वास मारणारी. पाऊचला वासच नव्हता. लावली तर जरा वेळ पांढरट राहिली आणि मग गायब, म्हणजे गेली कुठं तेच कळेना. मेसेज केला तर उत्तर आलं "नवीन बॅच आहे, फॉर्म्युला अपग्रेड झालाय". म्हणून लावून फिरले. संध्याकाळी घरी तोंडावर पाणी मारलं तर कपाळ आणि नाक चुरचुरायला लागलं, आरशात बघते तर स्कार्फच्या वरचा भाग लालबुंद. आमच्या क्लार्क मुलीचं तर त्याहून वाईट, गालावर बारीक पुरळ आणि डोळ्याखाली सूज. तिने फोटो पाठवला त्यावर त्या बाईचं उत्तर वाचा, "तुमची स्किन डिटॉक्स होतेय डिअर, आठवडाभर चालू ठेवा, बंद करू नका". पुरळ आलेल्या पोरीला बंद करू नका म्हणते! ह्या एका वाक्यासाठी तरी मला हे सगळं लिहायचं होतं.

क्लार्कला घेऊन मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की ह्यात गोरं करणारं काही आहे असं सांगितलं होतं काय, कारण अशा बेनावाच्या क्रीममध्ये कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग वाट लागते. ट्यूबमध्ये नक्की काय आहे ते लॅबशिवाय सांगता येणार नाही म्हणाले, पण वापरायची आत्ताच्या आत्ता बंद. मी म्हटलं डॉक्टर पण लागतं एकदम हलकं, तर हसले. म्हणाले हलकं तर साधं मॉइश्चरायझर पण असतं. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड हे पावडर प्रकारातले, त्यांचा पांढरेपणा दिसतो, आणि काही नवीन फिल्टर तेलात विरघळणारे असतात म्हणून ती क्रीम पातळ आणि न दिसणारी बनवता येते, म्हणजे हलकं आणि चांगलं सनस्क्रीन असतं, पण हलकं आहे म्हणून ते सनस्क्रीन आहे असं नाही. हातावर लावून, पाणी मारून, टिश्यू दाबून एसपीएफ, म्हणजे क्रीम ऊन किती अडवते त्याचा आकडा, कळत नाही. एसपीएफचा आकडा लॅबमध्ये माणसांच्या कातडीवर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून काढतात. आपण त्याच्या निम्मं पण लावत नाही, म्हणून दोन बोटं भरून चेहरा आणि मानेला लावायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के, तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जीव टाकायची गरज नाही हे पण त्यांनीच सांगितलं.

घरी येऊन ट्यूब, खोका आणि उरलेलं पाऊच शेजारी ठेवून बघितलं. ट्यूबवर पीएच्या पुढं चार अधिक, खोक्यावर पाच! पीए++++ म्हणजे चार अधिक हीच वरची पायरी, उन्हातल्या यूव्हीए ह्या दुसऱ्या प्रकारच्या किरणांपासून किती बचाव होतो ते सांगायची ती जपानी पद्धत आहे आणि त्यात पाच अधिक नसतातच. छापणाऱ्याने जोरात एक जास्तीचा मारला. बॅच नंबर खोक्यावर एक, ट्यूबवर दुसरा. तारखेवर सॅनिटायझरचा कापूस फिरवला तर शाई कापसावर आली. पाऊचवर तारीख कोरियन पद्धतीने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी होती, ट्यूबवर आपल्यासारखी आधी दिवस. आणि मुख्य म्हणजे भारतात ज्याने आयात केलं त्याचं नाव-पत्ता आणि आयातीचा नोंदणी क्रमांक असलेलं स्टिकर कुठंच नव्हतं. कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे बाहेरून आलेल्या प्रॉडक्टवर हे लागतंच, आणि इथं बनलेलं असेल तर बनवणाऱ्याचा पत्ता आणि उत्पादन परवान्याचा नंबर. "कस्टममधून सुटलेला माल" ही गोष्ट ऐकली की आधी ते स्टिकर मागा, बोलती बंद होते.

बाईंनी अर्थातच ब्लॉक केलं. आधी मला, मग ग्रुपमधल्या सगळ्यांना, फक्त कॅशियर वहिनी राहिल्या कारण त्यांनी एक अक्षर टाइप केलं नव्हतं. त्यांच्या फोनवर तिचं स्टेटस अजून दिसत होतं, "हॅपी कस्टमर्स" म्हणून माझाच जुना मेसेज लावलेला, पाऊच वापरल्यावर मी खूश होऊन पाठवलेला! बघून डोकंच फिरलं. प्रदर्शन भरवणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणे आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो, कोण काय विकतं ते आमच्याकडे नसतं. टेबल भाडं घेताना आधार कार्डाची झेरॉक्स पण घेतली नाही म्हणे. घेतली असेल तर सांगत नाहीत, असं माझं मत.

मग १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला लावला, तिथं तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे गेलेत म्हणून १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पण सांगितलं, तिथं जेवढ्या लवकर सांगाल तेवढं पुढच्या खात्यातले पैसे अडवायचा चान्स असतो, आम्ही "डिटॉक्स" होण्याची वाट बघत बसलो त्यात तो गेला. अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला लेखी अर्ज दिलाय, न उघडलेल्या ट्यूबा, खोके, चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती जोडून. बिल नाही म्हणून केस होत नाही असं ती बाई सांगत होती, तसं काही नाही, पैसे दिल्याचा पुरावा आणि चॅट असलं की तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पैसे अजून कुणाचेच आले नाहीत. क्लार्कचं तोंड बरं आहे, डॉक्टरांच्या फीचे पैसे आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले.

मी आता मेडिकलमधून बिल घेऊन भारतातच बनलेलं जेलसारखं एक वापरते. त्या पाऊचएवढं भारी नाही, थोडं चमकतं, पण डोळ्यात उतरत नाही.

ज्यांनी ह्या प्रदर्शनातून किंवा अशाच कुणाकडून घेतलंय त्यांनी ट्यूब रागाने कचऱ्यात टाकू नका, चॅट डिलीट करू नका. खोक्यावर पीएपुढं पाच अधिक आहेत काय तेवढं बघा, असतील तर तुम्ही पण अर्ज करा. आणि इस्लामपूर, तासगाव, जयसिंगपूरवाल्यांनो, कॅशियर वहिनींना दिसलेल्या शेवटच्या स्टेटसवर "लवकरच तुमच्या शहरात" असं लिहिलं होतं, शहराचं नाव नव्हतं.