चुना गिझरमध्ये होता, लागला मला

डिसेंबरचा शेवट. निफाडला पारा किती घसरला याच्या बातम्या रोज सकाळी येत होत्या आणि नेमका तेव्हाच आमचा गिझर बोलायला लागला. आधी नुसती तडतड, लाह्या फुटतात तशी. मग एके दिवशी आतून अशी धडधड झाली की सासूबाई अंगावर साबण तसाच ठेवून ओरडल्या, "अगं, फुटतोय की काय हा!"

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही, त्यामुळे बोअरचं मिसळतात. बादल्यांवर, तोट्यांवर पांढरा थर चढतो, तो मी दर रविवारी घासते. तोच थर गिझरच्या पोटातही चढत असेल हे डोक्यात आलं नाही. घोळ झाला तो मात्र मोबाईलवर. कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नाशिक' असं टाकलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. वॉरंटी कार्डावरचा खरा नंबर कपाटात होता, पण थंडीत कोण स्टुलावर चढतंय!

तासाभरात माणूस दारात. गळ्यात ओळखपत्र. त्यावर फोटो होता, कंपनीचं नाव नव्हतं, हे मला नंतर आठवलं. त्याने टाकीवर स्क्रू-ड्रायव्हरने दोनदा टकटक केलं आणि मान हलवली. "एलिमेंट गेलंय मॅडम, थर्मोस्टॅटपण. असाच चालवला तर ब्लास्ट होईल. घरात म्हातारं माणूस आहे ना?" शेवटचं वाक्य सासूबाईंकडे बघून. आता यावर मी काय घासाघीस करणार?

खालचं झाकण उघडलं तेव्हा एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या, एका टर्मिनलचं टोक जळून काळं पडलेलं दिसलं. मी फोटो काढून पुण्याला मुलाला पाठवला. त्यानंतर या गृहस्थाने मला फडकं आण, बादली आण, प्यायला पाणी आण, असं करत तीनदा आत पिटाळलं. पाऊण तासात काम खलास, ४,८५० रुपये. क्यूआर कोडवर कुठल्याशा व्यक्तीचं नाव आलं. बिल? "व्हॉट्सअॅपवर येईल." जुना एलिमेंट? "कंपनीत जमा करावा लागतो."

आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी परत लाह्या.

मग चुलत दिरांनी सिडकोतला त्यांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन पाठवला. पोरगाच होता. त्याने मेन बंद केला, टाकी रिकामी केली, एलिमेंट बाहेर ओढला आणि माझ्याकडे बघून हसला. "काकू, हा नवीन? हा तर खरवडून परत बसवलाय." मी मोबाईलमधला फोटो काढला. तेच काळं टोक. थर्मोस्टॅट तेवढा बदलला होता, त्यावर कंपनीचं नावच नव्हतं. चांगला होता तो बहुतेक काढून नेला.

टाकीच्या तळातून वाटीभर पापुद्रे निघाले, भिंतीचा जुना चुना सुटावा तसे. त्याने सांगितलं ते असं: एलिमेंटवर क्षाराचा थर बसला की थराखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे धडाधड फुटतात, तोच आवाज. पाणी तापायला वेळ लागतो, वीजही जास्त जाते. पहिल्याने वरवर खरवडल्यामुळे आठ दिवस निभावले. गंज टाकीला लागण्याआधी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी असते, तिची नुसती तार उरली होती.

आणि खरा राग आला तो पुढे. जास्तीचा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने घट्ट बसला होता, खटका हलेना. ब्लास्टची भीती घालणाऱ्याने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं!

पोराने एलिमेंट गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून बुडवला. फसफसून फेस आला आणि तासाभरात तांबं दिसायला लागलं. गॅस्केट, कांडी, व्हॉल्व्ह नवे, मजुरीसकट १,१५० रुपये. काढलेले भाग न मागता माझ्या हातात दिले.

तेव्हा नंबर कार्डावरून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या आणि समोरून हलू नका, चहाचं निमित्त झालं तरी. लाह्यांसारखा आवाज बहुतेक वेळा चुन्याचाच असतो, घाबरून खिसा मोकळा करण्यासारखं त्यात काही नाही. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, एमसीबीचा खटका पडू लागला किंवा टाकीतून पाणी झिरपलं, तर मात्र बटण बंद करूनच फोन उचला.

त्या जुन्या नंबरवर मी भांडायला फोन केला होता. "मॅडम, तुमची कंप्लेंट आमच्याकडे क्लोज दाखवतेय," म्हणून ठेवून दिला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा मात्र वेगळ्याच नंबरवरून तोच गोड आवाज आला: "मॅडम, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग करायची आहे का?"