ओव्हलसमोरचं आर्ट डेको घर : आधी गच्ची बघा, मग घर

चर्चगेटला उतरून महर्षी कर्वे रोडने दक्षिणेकडे चालायला लागलं की डाव्या हाताला ओव्हल मैदान आणि उजव्या हाताला चार-पाच मजली इमारतींची एक सलग रांग लागते. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे काढलेले छज्जे, दारावर इमारतीचं नाव ठसठशीत अक्षरांत : ही आर्ट डेको शैली. बॅकबेच्या, म्हणजे समुद्र बुजवून केलेल्या, भरावावर १९३०च्या दशकात उभी राहिलेली ही रांग २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसकट, दोन्ही मिळून एकच स्थळ म्हणून. इथल्या सर्वांत वरच्या मजल्यावरचं घर, म्हणजे ज्याच्या डोक्यावर थेट गच्ची आहे ते, मुंबईतल्या राहण्याच्या उत्तम जागांपैकी एक आहे आणि घेताना फसायला सर्वांत सोपंही. दोन्हींचं कारण एकच : गच्ची.

आधी घराबद्दल. यातले बरेच फ्लॅट दीड-दोन हजार चौरस फुटांचे आहेत आणि ती जागा खरोखर वापरता येते. छत अकरा-बारा फुटांवर, त्यामुळे पंखा खाली दांडीवर लटकतो आणि गरम हवेला वर थांबायला जागा मिळते. दिवाणखाना आणि मुख्य खोल्या मैदानाकडे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं मागे. पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू उघड्या असल्यानं समुद्राकडून आलेला वारा घरातून आरपार जातो. मधल्या पॅसेजची दारं बंद ठेवलीत तर मात्र हा गुण संपतो. दारांवरची झरोक्याची तावदानं रंगानं चिकटून बसलेली असतात, ती आधी सोडवून घ्या. मागच्या अंगाला नोकरमाणसांसाठीचा वेगळा जिना असतो. सामान चढवायला तो अरुंद पडतो, पण प्लंबरला बीडाच्या पाइपांपर्यंत पोचायला तोच कामी येतो, म्हणून त्याचं दार कायमचं बंद करू नका.

जमीन टेराझोची (सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे घालून घासलेली) किंवा रंगीत सिमेंट टाइलची असते. १९२२ साली स्वदेशीच्या जोरावर सुरू झालेल्या भारत टाइल्सनं या काळातल्या कितीतरी घरांना फरश्या पुरवल्या. ही फरशी ॲसिडनं कधीही धुवू नका. ॲसिड सिमेंट खातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग डाग आत मुरतात. साधा सौम्य साबण, ओला पोछा आणि बऱ्याच वर्षांनी एकदा यंत्रानं पॉलिश, एवढं तिला पुरतं. वरून नवी व्हिट्रिफाइड फरशी चिकटवलेली दिसली तर घर बघताना तिचं कौतुक करू नका. तिच्याखाली खचलेली जमीन दडवलेली असू शकते. शिवाय तेवढं वजन स्लॅबवर वाढलेलं असतंच.

खिडक्या-दारं बहुतेक बर्माटीक सागवानाची. पंचाऐंशी-नव्वद वर्षांचा हा साग अजून सुतारकामाला उभा राहतो. बदलण्याआधी दुरुस्तीचा दर काढा. वाळवी पाहायची तर चौकटीचा खालचा, भिंतीत गेलेला भाग टोच्यानं दाबून बघा. वरचा भाग सहसा ठणठणीत असतो. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा : इथे बाहेरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाला महापालिकेची आणि वारसा समितीची परवानगी लागते. बाल्कनी काचेनं बंद करणं, छज्ज्यावर एसीची पेटी ठेवणं, गच्चीवर पत्रा टाकणं, सगळं त्यात आलं.

आता वर चला. गच्चीवरून पूर्वेला ओव्हलची हिरवळ, तिच्यापलीकडे राजाबाई टॉवर आणि १८७८ सालची उच्च न्यायालयाची इमारत एका नजरेत येते. मागे इमारतींच्या फटींतून समुद्र. सूर्य राजाबाईच्या बाजूनं वर येतो आणि मागे समुद्रात बुडतो. हे दृश्य दलाल दाखवतोच. तो जे दाखवत नाही ते पायाखाली असतं.

कुलाब्याला एका पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ते सगळं पाणी सपाट स्लॅबवर पडून नळीतून खाली जायला हवं. जुन्या पद्धतीत स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, साधारण १०० मिलिमीटर जाडीचा, उतार देऊन घालतात. त्याच्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. पांढरा रंग शोभेसाठी नाही, ऊन परतवण्यासाठी आहे. वरच्या मजल्याचं घर मे महिन्यात राहण्याजोगं राहतं ते बऱ्याच अंशी त्यामुळे. काळपट, शेवाळलेली किंवा गडद रंगाच्या कोटिंगची गच्ची असेल तर खालचं छत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं.

कोबा तडकला की पाणी आत शिरतं आणि विटांच्या तुकड्यांत साठून राहतं. तिथून ते आडवं सरकतं आणि स्लॅबला जिथे फट मिळेल तिथे खाली येतं. म्हणून गळतीची जागा आणि तडा यांचा माथ्याशी माथा लागत नाही, आणि म्हणूनच पहिल्या सरीत घर कोरडं राहून आठवड्यानं गळायला लागतं, पाऊस थांबल्यावरही काही दिवस टपकतं. फक्त ओल दिसते तिथेच वरून सिमेंट थापणारा गवंडी कामाचा नाही.

ओलीचा नकाशा वाचता येतो. बाहेरच्या भिंतीलगत छताच्या कडेनं पट्टा असेल तर कठड्याच्या मुळाशी जो गोलसर वाटा करतात तो सुटलाय. पंख्याच्या हुकाभोवती किंवा खोलीच्या मध्यभागी डाग असेल तर कोबाच तडकलाय. कोपऱ्यात, पाइप उतरतो तिथे असेल तर नळीच्या तोंडाचा जोड. आणि एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर तो पाऊस नव्हे, वरची टाकी किंवा तिचा पाइप गळतोय. शेवटचं दुखणं स्वस्तात बरं होतं, पहिली तीन नाही. घर शक्यतो ऑगस्टमध्ये बघा. मे महिन्यात छताला नुकताच रंग दिलेला असेल, किंवा सगळीकडे पीओपीचं खोटं छत असेल, तर एक-दोन जागी ते उघडून दाखवायला सांगा. नकार आला तर बोलणी तिथेच थांबवा.

मग एक लाकडी काठी घ्या आणि छत ठोकत जा. भरीव आवाज बरा. भद्द, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय, आणि बऱ्याचदा नुसता गिलावा नाही, सळईखालचं काँक्रीटही. त्या काळच्या साध्या गुळगुळीत सळया, वर जेमतेम काँक्रीटचं आवरण, समोर खारी हवा. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं आणि ते आवरण आतून फोडून काढतं. तपकिरी ओघळ दिसले तर ही क्रिया सुरू झालेली आहे. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी करायला सांगा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा मारला की गुलाबी होणारा भाग अजून सळईला जपतोय, रंग न धरणारा भाग ते काम करायचा थांबलाय. सोबत हाफ सेल (सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारी) आणि अल्ट्रासॉनिक (काँक्रीट आतून सलग आहे का ते दाखवणारी) चाचणीही घ्यावी. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, त्यामुळे सोसायटीकडे किंवा मालकाकडे अहवाल असायला हवा. तो मागा आणि त्याची तारीख बघा.

स्लॅबची दुरुस्ती नीट झाली की नाही हे ओळखायची खूण : सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत, वीसेक मिलिमीटर खोल, काढलेलं असावं. सळई चमकेपर्यंत घासून गंजरोधक लावलेला असावा. जिथे तिचा चौथा हिस्सा झिजलाय तिथे नवी जोडलेली असावी. त्यानंतर पॉलिमर मॉर्टर पातळ थरांत, एका वेळी दहा-पंधरा मिलिमीटर. हे सगळं टाळून नुसता गिलावा केला तर एक-दोन पावसाळ्यांत तो खाली येतो, आणि तो माणसाच्या डोक्यावरच येतो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करताना सगळीकडे एकच चूक दिसते : जुना कोबा न काढता त्यावर नवा. १०० मिलिमीटर कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या जवळपास भरतं. काही गच्च्यांवर असे दोन-तीन थर चढलेत, आणि स्लॅब मात्र तोच आहे. जुना कोबा पूर्ण काढायचा, तोही छिन्नी-हातोड्यानं. ब्रेकर लावला तर थरथरीनं खालचं छत सुटतं. उघड्या स्लॅबचे तडे भरून, सिमेंटचा वॉटरप्रूफ थर देऊन पाणी अडवायचं. नवे, भिजवलेले विटांचे तुकडे कमीत कमी १०० ला १ उतारानं बसवायचे. वाटा कठड्यावर फूटभर चढवायचा. साधारण चाळीस चौरस मीटरला १०० मिलिमीटरची एक नळी, जाळी घुमटाच्या आकाराची. सपाट जाळी एका पिंपळपानानं बंद होते. शेवटी गच्चीवर दोन-तीन इंच पाणी किमान ४८ तास उभं करून खाली छत बघायचं, आणि ही चाचणी होईपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे पैसे अडकवून ठेवायचे.

बागेचा मोह इथे प्रत्येकाला होतो. माणसं जातात-येतात अशा गच्चीसाठी आजचं मानक दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतं. दीड फूट खोल ओली माती त्याच्या पाचपट भरते. कुंड्या ठेवायच्याच असतील तर तुळयांच्या रेषेवर, कठड्यालगत, विटांवर उचलून, खालून पाणी वाहील अशा. मधोमध वाफे नकोत. स्लॅबमध्ये मुळं धरणारं काहीच नको.

ही गच्ची कोणाची, हा प्रश्न कागदावर सोडवून घ्या. सहकारी सोसायटीत ती सर्व सभासदांची. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून कुणाची होत नाही. हिची चांगली बाजू अशी की आदर्श उपविधींनुसार गच्चीमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं होते, तुमच्या नाही. एखाद्या घराला स्वतंत्र गच्ची असल्याचं सांगितलं तर मंजूर नकाशात आणि करारात ती दाखवायला सांगा. तोंडी परंपरा नव्या कमिटीपुढे टिकत नाही.

मालकी हक्काच्या सोसायट्यांशेजारीच पागडीच्या इमारती उभ्या आहेत. पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेण्या-देण्याला मान्यता दिली आहे, भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढतं. हस्तांतराच्या वेळी घरमालक रिवाजानं किमतीचा साधारण एक तृतीयांश मागतो, आणि गृहकर्ज सहसा मिळत नाही. भाडेकरूंची इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ती उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गात येते आणि मोठी दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या रांगेत लागते. त्या रांगेचा वेग धरूनच किंमत लावा.

पाण्याचं दुखणं वरच्या मजल्याचं खास आहे. टाकी डोक्यावर असून शॉवरला धार येत नाही याचं सगळ्यांना नवल वाटतं. दहा मीटर उंचीचं पाणी एक बार दाब देतं. टाकीचा तळ शॉवरपेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर वर, म्हणजे पाव बार. छोटा प्रेशर पंप लावला की प्रश्न सुटतो. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून बोटभर भोकाचे झालेले असतील तर ते आधी बदला, नाहीतर पंप जोड फोडतो.

वायरिंग लाकडी पट्टीतून गेलेलं दिसलं तर सगळं नवं करायचं हे धरून चाला. रबराचं वेष्टण ठिसूळ होऊन हाताला सुटतं आणि अर्थिंगची तार बऱ्याचदा नसतेच. एसी घेण्याआधी मीटरवरचा मंजूर भार बेस्टकडे तपासा. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची असेल तर तिच्या तपासणीचा दाखला मागा. घरात वृद्ध असतील तर पाच मजले पायी चढायची वेळ किती वेळा येते हे शेजाऱ्यांना विचारा, दलालाला नको.

एवढं सगळं पाहूनही आमचं मत : राहायला हे घर फार सुंदर आहे, आणि पहिली दोन-तीन वर्षं लिव्ह अँड लायसन्सवर राहून दोन पावसाळे बघणं हाच घेण्याचा शहाणा रस्ता. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर मिळून पाव टक्का, नोंदणी फी हजार रुपये. करारात तीन ओळी स्वतंत्र घालून घ्या : गच्चीची किल्ली कोणाकडे आणि कुठल्या वेळात, गळती झाली तर किती दिवसांत दुरुस्ती, आणि तोवर ज्या खोल्या वापरता येणार नाहीत त्यांचं भाडं किती कमी होणार.